आरसी (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या) बोटीचा शाफ्ट सारखा झिजतो, काय करावं?

तुमच्या प्रश्नाचा मतलब असा: टगबोटीचा, मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणारा 4 मिमीचा स्टेनलेस शाफ्ट दोन-तीन महिन्यांत घासतो, मागच्या बुशात (शाफ्ट ज्यात फिरतो त्या पितळी कड्यात) प्ले येतो, म्हणजे तो ढिला पडतो, बोटीत पाणी शिरतं. तीनदा शाफ्ट बदलला, ग्रीसही ढीगभर घालताय, तरी तेच रडगाणं.

शाफ्टबरोबर बुश बदलला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझी खात्री आहे की नाही बदलला. सगळे असंच करतात, कारण झिजलेला दिसतो शाफ्ट आणि पितळी बुश वरून ठाकठीक वाटतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे आधी तिथलं सांगतो. एखादा कडक जॉब लॅपिंग करायचा, म्हणजे पावडरीनं घासून गुळगुळीत करायचा असला तर आम्ही मऊ धातूचा लॅप घेतो, बिडाचा नाहीतर तांब्याचा. त्याला घासायची पावडर चोळली की कण त्या मऊ धातूत रुतून बसतात आणि लॅपला फारसं काही न होता समोरचं कडक पोलाद कापलं जातं. तुमच्या बोटीत हेच चाललंय. काठाजवळ उथळ पाण्यात रिव्हर्स मारला की प्रोपेलर गाळ उडवतो, बारीक वाळू मागच्या बुशात शिरते आणि पितळात रुतते. आता त्यात नवाकोरा शाफ्ट घाला, तोही घासणारच. वरून भरलेलं ग्रीस त्या वाळूला धरून ठेवतं. जुनं ग्रीस बोटाला घेऊन अंगठ्यानं चोळून बघा. करकर लागली तर समजून जा.

तेव्हा शाफ्ट आणि बुश बदलायचे ते जोडीनं. पण जुने फेकू नका, झीज कुठं झालीय ते बघा. बुश एकाच बाजूनं लंबगोल झालाय आणि शाफ्ट चहूकडून सारखा घासलाय, तर जोर कायम एकाच दिशेनं येतोय. म्हणजे मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. उलट शाफ्ट एकाच अंगानं घासून चमकतोय आणि बुशाचं भोक गोल राहून नुसतं मोठं झालंय, तर जोर शाफ्टबरोबर फिरतोय. म्हणजे शाफ्ट वाकलाय, नाहीतर प्रोपेलरचं एक पातं जड आहे. शाफ्ट काचेवर लोळवून बघा; वाकडा असेल तर खालून उजेडाची फट उघडझाप करताना दिसते. प्रोपेलरसाठी दाढीची दोन पाती समांतर उभी करा आणि प्रोपेलर शाफ्टच्या सरळ तुकड्यावर बसवून त्यांच्यावर ठेवा. जड पातं आपोआप खाली येतं. त्याच्या पाठीवरून बारीक पॉलिश पेपर फिरवा, थोडा थोडा.

रेषेचं म्हणाल तर माझीही फजिती झालीय. पहिल्या बोटीत मोटर मी डोळ्याच्या अंदाजानं बसवली. मोटर आणि शाफ्टच्या मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकून फिरणारा सांधा, आहे की, तो घेईल सांभाळून, असं वाटलं. रंकाळ्यावर पहिले चार रविवार झकास गेले. पाचव्या वेळी संध्यामठाच्या बाजूनं परत येताना बोट खरखरायला लागली आणि शेपूट पाण्यात बसलं. घरी येऊन उघडली तर आत कपभर पाणी. मोटर काढायच्या आधी जॉइंट बोटानं सावकाश फिरवला, तर दर फेऱ्याला एकाच जागी अडत होता, सायकलच्या चाकाचा रिम ब्रेकला लागावा तसा. बुश खालच्या अंगानं खाल्लेला.

त्यावर इलाज सोपा आहे. ज्याला एका बाजूनं मोटरचा शाफ्ट आणि दुसऱ्या बाजूनं बोटीचा शाफ्ट घट्ट बसेल असा, दोन मापांचं भोक असलेला सरळ स्लीव्ह (नळीसारखा तुकडा) लेथवर टर्न करून घ्या. जॉइंट काढून त्या जागी हा स्लीव्ह घाला. आता मोटर आपोआप रेषेत येते. त्याच अवस्थेत तिच्या पायाखाली पॅकिंग देऊन माउंट चिकटवा, स्क्रू आवळा. सगळं पक्कं झाल्यावर स्लीव्ह काढा आणि जॉइंट परत लावा. जॉइंट राहिलेला केसभर फरक सांभाळायला असतो, तुमचा आळस सांभाळायला नाही.

बुशही बनवून घ्या. गनमेटलचा तुकडा घेऊन लेथवाल्याकडे गेलात तर एवढासा जॉब बघून तो हसेल, पण चहा होईपर्यंत करून देईल. एकच आग्रह धरा: भोक आधी थोडं लहान पाडायचं आणि मग 4 मिमीचा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवायचा. नुसत्या ड्रिलचं भोक मोठं होतं आणि पहिल्या दिवसापासून प्ले घेऊनच येतं. मागचा बुश 10-12 मिमी लांब ठेवा.

प्रोपेलर बोटीला ढकलतो म्हणजे शाफ्टला पुढं रेटतो. तो रेटा मागच्या बुशाच्या तोंडावर यायला हवा, मोटरच्या बेअरिंगवर नाही. म्हणून प्रोपेलरच्या पुढचा लॉक नट आणि बुश यांच्यामध्ये टेफ्लॉनचा वॉशर घाला आणि जाड कागदाएवढी फट सोडा. वॉशर नसला की नट बुशाला चरत राहतो. आणि गळती थांबवायला घट्ट ओ-रिंग कोंबू नका, त्यानं शाफ्टला खाच पडते.

प्रोपेलर महिन्यातून एकदा तरी काढाच. काठावर गळ टाकणाऱ्यांचा तंगूस पाण्यात तुटून पडलेला असतो. तो प्रोपेलरमागे गुंडाळला जातो आणि हळूहळू बुशाच्या तोंडात शिरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मी एकदा टाचणीनं ओढत गेलो तर चांगला हातभर निघाला. केंदाळ परवडलं, ते निदान दिसतं.

ग्रीस पाण्यात टिकणारं घ्या, मरीन किंवा कॅल्शियमचं. मशीनचं पातळ तेल धुऊन जातं. आमच्यातल्या एकानं खोबरेल घातलं होतं. थंडीत सकाळी ते गोठलं आणि मोटर नुसती गुणगुणत बसली. शाफ्ट ज्या ट्यूबमधून जातो तिला वरून उभी नळी झाळून घ्या आणि मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजनं ग्रीस भरा. मागून जुनं, काळं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ दिसेपर्यंत दाबायचं. घाण बाहेर ढकलली गेली, तरच भरण्याला अर्थ आहे. डबा मात्र काठावर उघडा ठेवू नका, वारा वाळू आणून टाकतो. घरी आल्यावर शाफ्ट ओढून पुसा, ट्यूब कोरडी होऊ द्या. आणि स्टँडवर ठेवून बोट जोरात पळवून दाखवायचा मोह टाळा. हवेत प्रोपेलरला ओढ नसते, त्यामुळे मोटर सुसाट सुटते, शिवाय बुश थंड करायला पाणीही नसतं.

तुमची टगबोट, म्हणजे सरळ शाफ्ट आहे असं धरून लिहिलंय. वेगाची बोट असून आत तारेचा फ्लेक्स शाफ्ट असेल तर स्ट्रट (शाफ्टला मागून धरणारा आधार) आणि ड्राइव्ह डॉग (प्रोपेलरला फिरवणारा शाफ्टवरचा तुकडा) यांच्यात 2-3 मिमी फट ठेवा, कारण लोड आला की तार पिळून आखूड होते. आणि तिला ग्रीस दर फेरीनंतर, महिन्यानं नाही.

जुना बुश काढलात की कापडानं पुसून भोकाचा अगदी समोरून फोटो टाका. लंबगोल आहे की गोल, ते बघून पुढचं सांगतो.