घराच्या दर्शनी भिंतीला स्टोन क्लॅडिंग करावं का? काही वर्षांनी दगड सुटतात असं ऐकलंय.

सुटतात. आमच्याच घराचे सुटले, म्हणून लिहितोय.

पोर्चच्या भिंतीला काळ्या दगडाच्या पट्ट्या लावून घेतल्या होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री धाडकन आवाज झाला. सकाळी बघतो तर स्कूटरच्या सीटवर दगड. त्याची पाठ बघितल्यावर उलगडा झाला. गवंड्याने सिमेंटचे पाच लाडू थापून दगड भिंतीला दाबला होता, मधे सगळं पोकळ. भिंतीवरचा जुना ऑइलपेंटही खरवडला नव्हता. लाडू दगडाला घट्टच होते, सुटला होता तो रंग! वरची कड उघडी, त्यामुळे पावसाचं पाणी आत शिरून पोकळीत साचायचं. दोन वर्षं सांध्यांतून पांढरा लोणा फुटत होता. तो आम्ही दर दिवाळीला इमानेइतबारे घासून काढायचो.

वाड्याच्या जोत्याचा दगड आपलं वजन जमिनीवर टाकतो. क्लॅडिंगचा दगड भिंतीला लटकलेला असतो. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण ५ किलो भरतो. म्हणजे दोन बाय एकचा तुकडा १० किलो, आणि तो तुमच्या दारावर.

दुसऱ्या वेळी रंग पूर्ण काढून भिंतीला टाचे मारले, म्हणजे छिन्नीने टोचून ती खडबडीत केली. पॉलिमरचं अ‍ॅडहेसिव्ह भिंतीला आणि दगडाच्या पाठीला, दोन्हीकडे सलग पसरलं. डोक्याच्या वरच्या प्रत्येक दगडाला स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प. साधं लोखंड नको, गंजलं की फुगतं आणि दगड फोडतं. समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टीलही ३१६ ग्रेडचंच मागा. दगड एकमेकांना खेटून बसवू नका, उन्हात वाढायला सांधा लागतो. आणि सगळ्यात वर, थोडी पुढे आलेली उताराची पट्टी. पैसे वाचवायचे तर दगडात वाचवा, या पट्टीत नको.

मार्बल बाहेर लावायचा विचार असेल तर शिकागोची अमोको इमारत आठवा. १९७३ मध्ये पूर्ण झाली, अंगभर इटलीचा कॅरारा संगमरवर. पातळ कापलेल्या पाट्या ऊन-थंडीने वाकल्या. शेवटी सुमारे ४३ हजार पाट्या उतरवून १९९० ते ९२ दरम्यान ग्रॅनाइट लावावा लागला.

कोकणात घर असेल तर जांभ्याच्या चकत्या चिकटवायचा खटाटोप कशाला? भिंतच जांभ्याची बांधा, गिलावा करू नका, छप्पर चांगलं पुढे काढा.

काम सुरू झालं की पहिला दगड बसवल्याबरोबर गवंड्याला तो उपटायला सांगा. पाठ माल लागून पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. गवंडी वैतागेल, आमचाही वैतागला होता. दुसरा दगड मात्र त्याने न सांगता उपटून दाखवला.