पहिल्या विज्ञान व्याख्यानाला जाताना

1945 साली होमी भाभांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खुल्या व्याख्यानांना पदवीची अट नसते, त्यामुळे तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात हा संकोच आधी सोडा. संस्था कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरात आहे. हाताशी वेळ ठेवूनच निघा आणि फोटो असलेले ओळखपत्र विसरू नका. नवखे श्रोते बहुधा प्रत्येक वाक्य वहीत उतरवू पाहतात आणि पडद्यावरचा आलेख बघायचाच राहून जातो; मी पहिल्या खेपेला चार पाने भरली, ती नंतर मलाच वाचता आली नाहीत. त्यापेक्षा न कळलेले दोनच शब्द टिपा आणि शेवटी निःसंकोचपणे त्यांविषयी विचारा. कुलाबा फारच लांब पडत असेल, तर संस्थेच्याच ‘चाय अँड व्हाय’ या गप्पांपासून सुरुवात करा. त्या जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रंगत आल्या आहेत.