पासवर्ड बदलला तरी वर्डप्रेस साइट पुन्हा हॅक होते, काय करावं?

तुम्ही विचारलंय की शेअर्ड होस्टिंगवरच्या (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स असलेल्या) तुमच्या साइटच्या नावाने गुगलवर जपानी मजकुराची पानं दिसतात, ती काढून ॲडमिनचा पासवर्ड बदलला, तरी आठवड्याभरात पुन्हा तेच. बहुधा हल्लेखोराला आता पासवर्ड लागतच नाही. पहिल्यांदा शिरला तेव्हाच त्याने सर्व्हरवर आपली पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, टाकून ठेवली असणार. तिचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की लॉगिन न करता हवं ते करता येतं. त्यामुळे आधी साफसफाई, मग पासवर्ड.

सगळ्या फाइल्स आणि डेटाबेसची एक प्रत उतरवून घ्या. मग वर्डप्रेसच्या अधिकृत साइटवरून ताजी झिप घेऊन 'डब्ल्यूपी-ॲडमिन' आणि 'डब्ल्यूपी-इन्क्लूड्स' ही दोन फोल्डर्स पूर्ण पुसून नव्याने टाका. नुसती वरून चढवू नका, कारण घुसवलेल्या जादा फाइल्स तशाच राहतात. 'डब्ल्यूपी-कंटेंट' पुसायचं नाही, त्यात तुमचे फोटो आहेत. पण त्यातली थीम आणि प्लगिन्स मूळ ठिकाणाहून पुन्हा घ्या. विकतची थीम फुकट मिळाली म्हणून टाकली असेल, तर बाकी काही शोधण्याआधी ती काढा. त्याच 'डब्ल्यूपी-कंटेंट'मधल्या 'अपलोड्स'मध्ये पीएचपी फाइल सापडली, तर एखाद्या प्लगिनची रिकामी इंडेक्स फाइल सोडता तिच्यावर संशय घ्याच.

आता सहसा राहून जाणाऱ्या जागा. 'एमयू-प्लगिन्स' फोल्डर बघा, त्यातली प्लगिन्स नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. सीपॅनेलमधले (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमधले) क्रॉन जॉब्स, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं, तपासा. पुसलेली फाइल ठरावीक वेळाने परत आणणारी ओळ तिथे असू शकते. पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस बघायच्या साधनात युजर्सचं टेबल उघडा, कारण डॅशबोर्डवर न दिसणारा ॲडमिन तिथे सापडतो. आणि सर्वात महत्त्वाचं: त्याच सीपॅनेल खात्यात जुनी टेस्ट साइट किंवा दुसरं डोमेन आहे का? एका खात्यातल्या सगळ्या साइट्स एकाच युजरच्या हक्काने चालतात. दोन वर्षं अपडेट न केलेल्या साइटमधून शिरलेला माणूस तुमची चालू साइट सहज बिघडवतो. नको असलेली साइट नुसती बंद ठेवू नका, पुसून टाका.

यानंतर व्हायरस तपासलेल्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांच्या रीसेट लिंक तिथेच येतात. मग होस्टिंग, एफटीपी (सर्व्हरवर फाइल्स चढवायची सोय), डेटाबेस आणि शेवटी ॲडमिन. डेटाबेसचा पासवर्ड वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये (डब्ल्यूपी-कॉन्फिग) उघडा लिहिलेला असतो, म्हणजे तो गेलाच असं धरा. सीपॅनेलमध्ये बदलल्यावर त्या फाइलमध्येही बदला, नाहीतर साइट डेटाबेसला जोडलीच जाणार नाही. त्याच फाइलमधल्या सुरक्षेच्या आठ किल्ल्या नव्या टाकल्या की लॉगिन असलेले सगळे एका झटक्यात बाहेर पडतात. फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्राममध्ये मास्टर पासवर्ड लावला नसेल तर तिथे साठवलेले पासवर्ड सहज वाचता येतात, ते पुसा. एफटीपीऐवजी एसएफटीपी, म्हणजे सांकेतिक रूपात पाठवणारी सुरक्षित सोय, वापरा.

'पुणे@123' किंवा 'गणेश@2024' असे पासवर्ड इंग्रजीत लिहिले की मोठं अक्षर, चिन्ह, आकडा हे सगळे नियम पाळतात, पण अंदाज बांधणारी यंत्रं सुरुवात अशाच जोडण्यांपासून करतात. बिटवॉर्डन किंवा कीपास अशा पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपकडून 20 अक्षरांचा पासवर्ड बनवून घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि होस्टिंग व ॲडमिन दोन्हींना ॲपवरचा ओटीपी लावा. वर्डप्रेस मुळात चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालत नाही, ती प्लगिनने घालावी लागते. लॉगिन पानाचा पत्ता बदलण्यावर माझा फारसा विश्वास नाही. बाहेरच्या ॲप्सना साइटशी जोडणारी एक्सएमएल-आरपीसीची फाइल उघडी असेल तर तिच्यातूनही पासवर्ड आजमावता येतात. वर्डप्रेसचं मोबाइल ॲप किंवा जेटपॅक प्लगिन वापरत नसाल तर ती फाइल बंद करा.

गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलवर कशी दिसते ते मालकाला दाखवणारी सेवा) अनोळखी मालक जोडला गेलाय का तेही बघा. असेल तर त्याची पडताळणीची फाइल आधी सर्व्हरवरून काढा आणि मग त्याला काढा, नाहीतर तो पुन्हा मालक होईल. तिथे गुगलची सुरक्षेची सूचना आलेली असेल तर त्यानंतरच फेरतपासणीची विनंती पाठवा.