छोट्या व्यवसायात खर्च कुठे कापायचा आणि परवडणारी मदत कुठून आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन माणसं कामाला आहेत, विक्री वाईट नाही, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. खर्च कुठे कापू? सगळं स्वतः करून दमलोय, पण आणखी एक पूर्ण पगार झेपणार नाही, मग मदत कुठून आणू? आणि एकाला कमी करावं का?

मी लहान व्यवसायांचे हिशेब लिहिते. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. बहुतेक मालक स्वतःच्या तासाची किंमत शून्य धरतात. त्यामुळे पन्नास वाचवायला अर्धा दिवस घालवतात आणि मदत नेहमी महागच वाटते. आधी तुमच्या तासाला एक आकडा लावा, कितीही अंदाजपंचे का असेना. तो नसेल तर खालचा कुठलाच हिशेब जुळणार नाही.

आता खर्च. गेल्या बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं पुरत नाही, कारण वर्षातून एकदाच जाणारी बिलं त्यात दिसत नाहीत. कुणाला किती गेले याची बेरीज करून मोठ्यापासून लहानाकडे यादी लावा. माल, पगार, भाडं, व्याज, वाहतूक अशा पाच-सहा नोंदींतच बहुतेक पैसा गेलेला दिसेल. विल्फ्रेडो पॅरेटो या इटालियन अर्थतज्ज्ञाने सव्वाशेक वर्षांपूर्वी उत्पन्नाच्या वाटणीबद्दल जे दाखवलं, की थोड्यांकडेच मोठा वाटा जातो, तसलाच प्रकार खर्चाच्या यादीतही दिसतो. मालकाचं लक्ष मात्र यादीच्या शेपटाकडे असतं: कागद दोन्ही बाजूंनी वापरा, पंखा बंद करा, पेन जपून वापरा. दात कोरून पोट भरत नाही. शिवाय असल्या काटकसरीने कामावरची माणसं वैतागतात, ते वेगळंच.

शेपटातली एकच गोष्ट तपासण्यासारखी आहे: दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे. सॉफ्टवेअरची सबस्क्रिप्शनं, जुना फोन क्रमांक, सोडून गेलेल्या माणसाचं लायसन्स, एकदाच लागलेली साठवणुकीची जागा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं हे वर्षानुवर्षं चालतं. प्रत्येक कपातीपुढे ती वापरणाऱ्याचं नाव लिहा. नाव सापडलं नाही तर बंद करा. मात्र विमा, बॅकअप आणि परवान्यांची फी या यादीतून वगळा. त्यांचा उपयोग रोज दिसत नाही, म्हणून घाईत कात्री नेमकी तिथे लागते. वार्षिक करार असेल तर तो संपण्याच्या दीड महिना आधीची तारीख कॅलेंडरात टाका. मुदत उलटून गेल्यावर घासाघीस करायला हातात काही राहत नाही.

पुरवठादाराकडे 'भाव कमी करा' एवढंच म्हणून गेलात तर थोडंफार कमी होईल आणि पुढच्या वेळी मालाच्या दर्जात ते वसूल होईल. त्यापेक्षा त्याला काय सोपं पडतं ते विचारा. ठरावीक दिवशी ऑर्डर, पूर्ण खोकी, दोन ऐवजी एकदाच पोचवणं, लवकर पैसे. यातलं काहीतरी तुम्हाला फुकटात देता येतं आणि त्याचा खरा खर्च वाचतो.

लवकर पैसे देण्याचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा करून पाहावा. समजा बिल तीस दिवसांत भरायचं आहे, पण दहा दिवसांत भरलं तर दोन टक्के सूट आहे. दोन टक्के ऐकायला काहीच नाही. पण तुम्ही ९८ रुपये वीस दिवस आधी देऊन दोन रुपये वाचवता, म्हणजे वर्षाचा दर सुमारे ३७ टक्के पडतो. बँकेत शिल्लक पडून असेल तर याहून चांगला परतावा सहजी मिळायचा नाही. हेच उलट बाजूने पाहा: तुम्ही गिऱ्हाइकाला अशी सूट देत असाल, तर त्याच दराने त्याच्याकडून कर्ज घेताय. उधारी वसूल करायला सूट देण्याआधी बिल त्याच दिवशी पाठवणं, त्यावर देय तारीख ठळक छापणं आणि तारखेच्या आदल्या दिवशी आठवण करणं, एवढं करून पाहा. निम्मी उशिरा येणारी बिलं मुळात उशिरा पाठवलेली असतात, असं मी तरी पाहिलंय.

विक्रीवरची सूट हाही खर्चच आहे, फक्त तो खर्चाच्या रकान्यात दिसत नाही. शंभरच्या वस्तूवर तीस सुटत असतील आणि तुम्ही दहा टक्के सूट दिलीत, तर हातात वीसच राहतात. पूर्वीइतकाच नफा व्हायला नग दीडपट विकावे लागतील. तेवढी विक्री वाढणार नसेल, तर ती सूट बंद करणं ही तुमची सगळ्यात मोठी काटकसर ठरू शकते.

मालाचंही तसंच. ठोकात स्वस्त मिळतं म्हणून सहा महिन्यांचा साठा भरला की पैसा फळीवर जाऊन बसतो, आणि मग चालू खर्चाला कर्ज काढावं लागतं. एका वेळी किती मागवावं याचं सूत्र फोर्ड हॅरिस या अभियंत्याने १९१३ मध्येच मांडलं. ते वर्गमुळाचं आहे, म्हणजे विक्री चौपट झाली तरी एका ऑर्डरचं योग्य प्रमाण दुप्पटच होतं. त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे योग्य आकड्यापेक्षा दीडपट मागवलं तरी मागवण्याचा आणि साठवण्याचा मिळून खर्च जेमतेम आठ टक्के वाढतो. तेव्हा अचूकतेचा अट्टहास नको, अंदाज बरोबर दिशेला असला की झालं. वर्षभर न हललेला माल मात्र खरेदीच्या भावाखालीही विकून टाका. त्यात गेलेला पैसा गेलेलाच आहे, जागा तरी मोकळी होईल.

वर्कशॉप असेल आणि हवेचा कॉम्प्रेसर असेल तर रात्री सगळं शांत झाल्यावर पाइपांच्या सांध्यांना कान लावा. गळतीत पाचवा हिस्सा हवा जाणं अजिबात नवलाचं नाही, आणि दाब गरजेपेक्षा एक बार (दाब मोजायचं एकक) जास्त ठेवला की वीज साधारण सात टक्के जास्त लागते. बाकी विजेबद्दल मी काही सांगत नाही, एलईडी दिवे एव्हाना सगळ्यांनीच लावलेत.

आता मदत.

दोन आठवडे दर अर्ध्या तासाला काय केलंत ते एका ओळीत लिहा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही. मग त्या ओळींचे गट करा: जे फक्त तुम्हीच करू शकता, जे शिकवलं तर दुसरा कुणीही करेल, ज्याला जाणकार लागतो आणि जे कुणीच केलं नाही तरी चालेल. शेवटचा गट अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. मिळालेला वेळ भरून जाईपर्यंत काम पसरत जातं, हे पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ मध्ये सरकारी कचेऱ्यांबद्दल लिहिलं होतं. एकट्या माणसाच्या दुकानालाही ते लागू पडतं. आधी तो गट बंद करा. नको असलेलं काम दुसऱ्याला पगार देऊन करून घेण्यासारखी उधळपट्टी नाही.

उरलेल्यातलं काय बाहेर द्यायचं ते तासांवरून ठरतं. महिन्याला २५ तासांचं काम आहे आणि पूर्णवेळ माणूस १६० तासांचा आहे. तासावर काम करणारा तिप्पट दर सांगतो म्हणून तुम्ही दचकता. पण २५ तास तिप्पट दराने म्हणजे ७५ तासांचा पगार, पूर्णवेळच्या निम्म्याहूनही कमी. त्यात रजा, शिकवणं, बसायची जागा, यंत्र हे धरलेलंच नाही. काम महिन्याला पन्नास-साठ तासांच्या पुढे गेलं की हे गणित उलटू लागतं, तेव्हा अर्धवेळ माणूस बघा. एक सावधगिरी: रोज ठरावीक वेळेला बोलावून, तुमच्याच हुकुमात काम करून घेऊन कागदावर 'फ्रीलान्सर' लिहिलं तर बहुतेक देशांत कायदा त्याला नोकरच मानतो, आणि मागची देणी एकदम अंगावर येतात.

माणसं कुठे मिळतात? शेजारच्या व्यवसायाला तीन दिवस हिशेबनीस लागतो आणि तुम्हाला दोन, तर एकच माणूस दोघांनी मिळून ठेवा. त्यालाही आठवडाभराचं काम मिळतं. निवृत्त झालेले अकाउंटंट, खरेदी अधिकारी, यंत्रदुरुस्तीवाले यांना अनेकदा पूर्णवेळ नोकरी नको असते, थोडं काम हवं असतं. मुलं लहान असल्याने नोकरी सोडलेल्यांचंही तसंच, फक्त वेळेची लवचीकता द्यावी लागते. डिझाइन, संगणक किंवा व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांना विद्यार्थ्यांसाठी खरे प्रकल्प हवे असतात. पण विद्यार्थ्याला फुकटात राबवू नका. फुकट माणूस बघून आपण त्याला कामही फुकटच्या दर्जाचं देतो, आणि समजावण्यात तुमचेच तास जातात. व्यापारी संघटनांमधून जुन्या अनुभवी लोकांचा सल्ला पुष्कळदा मोफत मिळतो. तिथे 'मार्गदर्शन करा' असं न म्हणता एक नेमका प्रश्न आणि आकड्यांचा कागद घेऊन जा.

दर कमी असलेला माणूस शोधण्यापेक्षा काम नीट कापून देण्यात जास्त वाचतं. हे मी माझ्याच धंद्याच्या उदाहरणाने सांगते, कारण माझं बिल कमी कसं करायचं हे मला पक्कं ठाऊक आहे. माझा बराचसा वेळ नोंदी करण्यात जात नाही, 'हे साडेचार हजार कुणाला आणि कशाचे?' हे शोधण्यात जातो. ज्याने व्यवसायाचं आणि घरचं खातं वेगळं ठेवलंय, प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून त्यावर दोन शब्द लिहिलेत आणि प्रश्न साठवून आठवड्यातून एकदाच विचारलेत, त्याचं काम निम्म्या वेळात उरकतं. वकील, डिझायनर, वेबसाइट करणारा, सगळ्यांचं हेच. तुम्ही तयारी न करता आलात की ती तयारी ते त्यांच्या दराने करतात.

म्हणून काम देण्याआधी एक पान लिहा: काय झालं म्हणजे काम पूर्ण, कधीपर्यंत, यात काय येत नाही, दुरुस्त्या किती वेळा. मग दोघांना तेच छोटं काम पैसे देऊन करायला सांगा आणि ज्याने बरोबर प्रश्न विचारले त्याला ठेवा. वेबसाइटचं डोमेन, जाहिरातीचं खातं, गिऱ्हाइकांची यादी तुमच्याच नावावर हवी. डिझाइन असेल तर पुढे बदल करता येतील अशी मूळ फाइल मागून घ्या. हे कामाआधी ठरवलं नाही तर नंतर प्रत्येक बदलाचे पैसे द्याल. आणि पैसे देणारा व बँकेशी हिशेब जुळवणारा एकच माणूस ठेवू नका. माणसं कमी असतील तर निदान स्टेटमेंट आधी तुमच्या हातात येऊ द्या.

सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजण्याआधी पत्रं-तक्त्यांना लिब्रेऑफिस, हिशेबाला जीएनयूकॅश, चित्रांसाठी इंकस्केप आणि गिंप वापरून पाहा. ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, चाचणीची मुदत संपली म्हणून बंद पडत नाहीत. शिकायला वेळ जातो, तो तुमच्या तासाच्या आकड्याने मोजा. कुठल्याही मोफत ऑनलाइन सेवेत मात्र पहिल्याच दिवशी आपली सगळी माहिती बाहेर काढून बघा. निघत नसेल तर ती सेवा पुढे महाग पडणार.

राहिला तिघांपैकी एकाला कमी करण्याचा प्रश्न. पगार यादीत वर दिसतो म्हणून हा विचार पहिला सुचतो, पण तो शेवटी करा. त्याचं काम नाहीसं होत नाही, ते बहुधा तुमच्याकडे येतं. आणि पुढे माणूस लागला तर शोधणं, शिकवणं आणि दरम्यानच्या चुका यांतच काही महिन्यांची बचत जाते. आधी दोन आठवड्यांच्या त्या नोंदीत तुमच्याकडची कुठली कामं त्याला शिकवता येतील ते पाहा. दुसऱ्या गटातली निम्मी कामं त्याच्याकडे गेली तर बाहेरून माणूस आणायची गरजच कदाचित उरणार नाही. तेवढं करूनही त्याच्या हाताला काम नसेल, तर तिघांशी उघड बोलून तास कमी करायची तयारी आहे का ते विचारा. एखाद्याला अर्धवेळ हवंच असतं, फक्त ते आपणहून विचारायची त्याची हिंमत होत नाही.