यीस्ट आणि क्लोरॅम्फेनिकॉल : प्रतिरोध नेमका कोणाचा?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. द्राक्षाच्या सालीवरील यीस्ट वेगळे करताना जीवाणू वाढू नयेत म्हणून आम्ही माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल घालतो आणि यीस्ट त्यात उत्तम वाढते. मग पाठ्यपुस्तकात ‘क्लोरॅम्फेनिकॉल-प्रतिरोधी यीस्ट’ असा वेगळा वाण का सांगतात? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे आणि तिचा उलगडा आपल्या माध्यमातील ग्लुकोजपाशी होतो. क्लोरॅम्फेनिकॉल जीवाणूंच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवते. यीस्टच्या पेशीद्रवातील रायबोसोमची घडण निराळी असल्याने ते सुरक्षित राहतात. श्वसनातून ऊर्जा मिळवून देणाऱ्या तंतुकणिकांमधील (मायटोकॉन्ड्रियांमधील) रायबोसोम मात्र जीवाणूंच्या रायबोसोमशी बरेच मिळतेजुळते असल्याने बंद पडतात. ग्लुकोज मिळत असेपर्यंत यीस्ट किण्वनावर भागवते, म्हणून हा बिघाड नजरेस येत नाही. ग्लिसरॉल वापरायचे तर श्वसन चालू असावेच लागते. त्यामुळे पुरेसे औषध घातलेल्या ग्लिसरॉलच्या प्लेटवर साधे यीस्ट वाढत नाही आणि बऱ्याच दिवसांनी कोऱ्या पृष्ठभागावर एखादीच टपोरी वसाहत उठून दिसली, तर ती प्रतिरोधी असण्याचा संभव असतो.

खरी गंमत तिच्या आनुवंशिकतेत आहे. या प्रतिरोधामागील बदल बहुधा तंतुकणिकेच्या स्वतःच्या, सुमारे ८५ हजार बेसजोड्यांच्या डीएनएमध्ये, मोठ्या रायबोसोम-उपघटकाच्या आरएनएच्या जनुकात झालेला असतो. केंद्रकातील १६ गुणसूत्रांशी त्याचा संबंध नसतो. प्रतिरोधी आणि साध्या वाणांचा संकर केल्यावर दोन्हींच्या तंतुकणिका सुरुवातीला एकाच पेशीत येतात, परंतु काही विभाजनांतच एकाच प्रकारचा डीएनए असलेल्या पेशी वेगळ्या होतात. अशा पेशीने बीजाणू तयार केले, की चारही बीजाणू सारखेच निघतात. याउलट सायक्लोहेक्झिमाइड हे दुसरे औषध पेशीद्रवातील रायबोसोमवर आघात करते, त्याच्या प्रतिरोधाचे सीवायएच२ हे जनुक केंद्रकात असते आणि तिथे मेंडेलच्या नियमाप्रमाणे दोन बीजाणू प्रतिरोधी, दोन संवेदनशील मिळतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एरिथ्रोमायसिन-प्रतिरोधी यीस्टच्या अशाच संकरांतून गुणसूत्रांबाहेरील आनुवंशिकता अभ्यासली गेली. माझ्या मते पदवीच्या प्रात्यक्षिकात हे दोन्ही संकर शेजारीशेजारी करून दाखवायला हवेत.

मात्र त्यासाठी सालीवरचे यीस्ट वापरू नये. पिकलेल्या द्राक्षांवर बहुधा हॅन्सेनियास्पोरासारख्या जातींचे प्राबल्य असते, आणि सॅकरोमायसिस सापडलेच तरी त्याचे नैसर्गिक वाण बहुतेकदा स्वतःच लिंगप्रकार बदलून आपसांत संयोग पावतात; म्हणून स्थिर लिंगप्रकाराचे प्रयोगशाळेतील वाणच मागवावेत.