'रहामीम' हे नाव कुठलं? अर्थ काय, आणि आता कोणी ठेवतं का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या जुन्या खरेदीखतावर पनवेलच्या शेजाऱ्याचं नाव 'रहामीम ऊर्फ रामाजी' असं आहे, आडनाव मात्र गावावरून पडलेलं '-कर'. माणूस मुसलमान असावा की लिहिणाऱ्याची चूक, असा तुमचा प्रश्न आहे. दोन्ही नाही. हे नाव हिब्रू आहे आणि ते शेजारी बहुधा आमच्यातले, म्हणजे बेने इस्राएल असावेत. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पनवेलला आमची मोठी वस्ती होती, तिथलं बेथ एल सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, 1849 चं आहे. माझ्या आजोबांचं नावही रहामीमच होतं, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

रहामीम म्हणजे दया, करुणा. पण एवढ्यावर थांबलं तर नावातलं खरं ते हातचं जातं. हिब्रू शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभा राहतो. इथे ती आहेत र-ह-म, आणि याच धातूचा 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. म्हणजे ही दया वरून खाली बघणाऱ्याची नव्हे, नऊ महिने पोटात वाढवलेल्या जिवाबद्दल वाटते ती. आपल्याकडे 'आतड्याची माया' म्हणतात ना, तंतोतंत तेच. एका बाळावर दोन बायांनी हक्क सांगितला आणि शलमोन राजाने बाळ कापून अर्धं अर्धं वाटायला सांगितलं, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. खरी आई ओरडते की नको, तिलाच देऊन टाका, पण मारू नका. त्या जागी मूळ हिब्रूत म्हटलंय की लेकरासाठी तिचे 'रहामीम' पेटून उठले. मराठीत आपण म्हणू, तिचं आतडं तुटलं. बायबलमधल्या योसेफला किती वर्षांनी धाकटा भाऊ बेन्यामीन दिसतो, तेव्हाही हाच शब्द येतो, आणि तो आतल्या खोलीत जाऊन रडतो.

'रहीम'शी साम्य आहे ते यामुळेच. अरबी आणि हिब्रू या बहिणी-बहिणी, धातू दोघींचा एकच. रहम, रहमान, रहीम त्या घरातले, रहामीम या घरातला. कोणी कोणाकडून उसनं घेतलेलं नाही.

शेवटचा '-ईम' हा हिब्रूतला अनेकवचनाचा प्रत्यय. हाईम म्हणजे जीवन, निस्सीम म्हणजे चमत्कार, ही नावंही त्याच घडणीची. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल आमच्याच समाजातले. मराठीतल्या 'निस्सीम भक्ती'शी त्या नावाचा काही संबंध नाही, पण दोन्ही शब्द किती शोभतात एकमेकांना!

बायबलमध्ये हा शब्द जागोजागी असला तरी रहामीम नावाचा माणूस तिथे नाही. त्याच धातूची रहम, रहूम, येरहमेएल अशी नावं आहेत. होशेय संदेष्ट्याच्या मुलीचं नाव तर 'लो-रुहामा', म्हणजे जिच्यावर माया केली गेली नाही ती. पुढे त्यातला 'लो', म्हणजे 'नाही', गळून पडतो आणि 'रुहामा' उरतं. मुलाचं नाव म्हणून रहामीम रुजलं ते पूर्वेकडच्या ज्यूंमध्ये. इराक, कुर्दिस्तान, इराण आणि आपलं कोकण.

आमच्याकडे गावात वावरताना हिब्रू नावांना मराठी वळण लागलं. शमुएलचा सामाजी, अब्राहामचा आबाजी, तसा आमच्या घरी रहामीमचा रामाजी. तुमच्या कागदावरचं 'ऊर्फ' ते हेच. आजोबांच्या पाठीवर थाप मारून 'काय रामाजी' म्हणणारे लोक त्यांचं हिब्रू नाव ऐकूनही नसतील. ते नाव लागायचं मशिदीत. होय, सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणायची. एलुल महिन्यात, वर्षारंभाच्या सणाआधी, भल्या पहाटे सेलिहोतच्या, म्हणजे क्षमा मागण्याच्या, प्रार्थना होतात. त्यात 'हातानू लेफानेखा, राहेम आलेनू' हे पालुपद सगळे एका सुरात म्हणतात: तुझ्यापुढे आम्ही चुकलो, आमच्यावर दया कर. आजोबा डोळे मिटून, शालीचं टोक मुठीत धरून म्हणायचे. 'राहेम' आलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. त्यांच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती आणि पणजीने हे नाव मागून घेतलं होतं, एवढं मला ठाऊक होतं.

मुंबईतल्या आमच्या पहिल्या मशिदीच्या नावातही हाच शब्द आहे: शाआर हारहामीम, दयेचं द्वार. ती 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधली. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. ते 'बेनी इस्राएल' आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि जीव वाचला, अशी कथा आमच्यात सांगतात. एका आईच्या शब्दावर सुटलेल्या माणसाने बांधलेल्या मशिदीला पुढे हे नाव मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं. मांडवीचं सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाने आहे, आणि मस्जिद स्टेशनचं नाव या मशिदीवरून पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

आता कोणी ठेवतं का? फार थोडे. इस्राएलमध्ये हे नाव 1948 नंतर अरब देशांतून आलेल्या पिढीचं, आजोबांच्या वयाचं मानलं जातं. तिथे 'ह' घशातून खरवडून 'राखामीम' म्हणतात आणि घरात 'रामी' करतात. हल्ली पसंती नोआम, अरिएल, लावी असल्या सुटसुटीत नावांना. माझ्या भावाने मात्र मुलाचं नाव रहामीमच ठेवलं. आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ते पुकारलं, तेव्हा आईने पदर तोंडाला लावला होता.

पनवेलच्या जुन्या दफनभूमीत गेलात तर शोधायला सोपं जावं म्हणून सांगते. आमच्या थडग्यांवर बरेचदा हिब्रू आणि मराठी दोन्ही कोरलेलं असतं. हिब्रू उजवीकडून वाचायचं, पाच अक्षरं आहेत. पहिलं वरून वाकलेल्या आकडीसारखं, दुसरं दाराच्या चौकटीसारखं, तिसऱ्याला खाली डावीकडे फट, चौथं स्वल्पविरामाएवढं. आणि शेवटचं चारी बाजूंनी बंद, डबीसारखं चौकोनी.