फोटो फिरवताना दर्जा कसा राखायचा
आडवा आलेला फोटो उभा करायला एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नकोस. जेपेग (फोटोंचा नेहमीचा फाइल प्रकार) सेव्ह करताना दरवेळी नव्याने कॉम्प्रेस होते, म्हणजे आकाराने लहान केली जाते, आणि केस, पानं, अक्षरांच्या कडा हळूहळू विरत जातात. इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्ये शिफ्ट धरून J हे बटण दाब, लॉसलेस रोटेशन (दर्जा न घालवता फिरवणं) निवड. त्यात 8 बाय 8 पिक्सेलचे ठोकळे जसेच्या तसे उचलून फिरवले जातात, म्हणून मला हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो.

मात्र मापं बघ. बहुतेक फोटोंत रंगासाठी हे ठोकळे जोडीने धरले जातात, म्हणून लांबी-रुंदीच्या पिक्सेलना 16 ने नि:शेष भाग जावा लागतो. 4000 बाय 3000 मध्ये 3000 ला भागून 8 उरतात, त्यामुळे कडेच्या 8 ओळी कापल्या जाऊ शकतात. म्हणून मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवच. पीएनजी या दुसऱ्या फाइल प्रकारात सेव्ह करताना दर्जा जात नाही, म्हणून त्याला ही काळजी नाही.